शिडीवरची वही

ता. ९ जानेवारी

तीर्थरूप मामांना,
साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर अनोळखी म्हणून तुम्ही आधी पत्राचा शेवट पाहिला असेल. मीही तसंच करते. तरी इथेही सांगते. मी तुमच्या ताईची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी सात वर्षांची होते, आता सव्वीस. तुम्ही मला ‘मोजपट्टी’ म्हणायचात, कारण मी तुमच्या मिशा पट्टीने मोजल्या होत्या. डावी मिशी उजवीपेक्षा दोन मिलिमीटर लांब निघाली होती आणि तुम्ही म्हणाला होतात, “डावी बाजू तुझ्या मामीची, ती नेहमी पुढेच असते.”

तुमचा पत्ता जहाजावरच्या जुन्या सुतारांनी दिला. तुमचं पंपदुरुस्तीचं दुकान चांगलं चालतं असं ते म्हणाले. तुमची, मामींची आणि मुलाची प्रकृती ठीक असेल अशी आशा करते. इकडे सर्व ठीक आहे.

(‘सर्व ठीक आहे’ हे सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही. पहिल्याच पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही.)

पत्र लिहिण्याचं कारण असं. मी नौदलाच्या जुन्या कागदांच्या ऑफिसात तीन वर्षं नोकरी करते. तुमचं जहाज येत्या फेब्रुवारीच्या वीस तारखेला सेवेतून निवृत्त होतंय. नंतर ते मोडीत जाणार. त्याआधी त्याचा सेवा-इतिहास छापायचा आहे, चौसष्ट पानांचा, आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. म्हणजे नाव साहेबांचं, हात माझा.

कागदोपत्री ती ‘पाणबुडी आधारनौका’ आहे, पण मला भेटलेला एकही जुना माणूस तिला तसं म्हणत नाही. सगळे ‘मावशी’ म्हणतात. सुतारांनी मला समजावलं: “पाणबुडी म्हणजे बिनबिऱ्हाडाचं पोर. आत पाय पसरायला जागा नाही, आंघोळीला पाणी नाही. बंदरात आलं की मावशीच्या कुशीत शिरणार. मावशी जेवायला घालणार, कपडे धुणार, बॅटरी भरून देणार, फाटलंतुटलं शिवणार आणि पुन्हा पाण्याखाली धाडणार. माय मरो पण मावशी उरो, असं आमची पोरं म्हणायची.” ही म्हण मी जशी ऐकली तशी टिपून घेतली. इथे लिहायला नको होती.

बरंच काम झालंय. जन्माला आली ती मालवाहू बोट म्हणून, हे मला ठाऊक नव्हतं. चार वर्षं धान्य आणि सिमेंट वाहिलं, मग नौदलाने विकत घेऊन तिच्या पोटात कार्यशाळा, भट्टी, दवाखाना, टॉर्पेडोचं कोठार बसवलं. एका वेळी पाच पाणबुड्या सांभाळायची. एका वादळात किनाऱ्यावरच्या दवाखान्याला तिने सहा दिवस वीज आणि पाणी पुरवलं. या सगळ्याला कागद आहेत. आमच्या ऑफिसचा नियम आहे, एका वाक्याला एक कागद. मला हा नियम जड जात नाही. छातीच्या दुखण्यामुळे दहाव्या वर्षापर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं, हे तुम्हाला आठवत असेल. बाबा घरी शिकवायचे. त्यांचा पहिला धडाच असा होता: पाहिलं ते लिही, ऐकलं ते ‘ऐकलं’ म्हणून लिही, वाटलं ते लिहू नकोस.

पण काही गोष्टींना कागदच नाही, म्हणून तुम्हाला विचारते. बॅटऱ्या भरायच्या खोलीत वास कसला यायचा? पाणबुडी निघताना तिची माणसं आपल्या ट्रंका मावशीवर ठेवून जात, त्या कुठे रचत आणि परत देताना काय दाखवावं लागे? आणि भट्टीतला पाव खरंच इतका चांगला होता, की लांब गेल्यावर तो चांगला वाटायला लागतो?

सातव्या पाणबुडीबद्दल काही विचारत नाही. तिची फाईल माझ्याकडे आहे.

उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन. आलं तर बरं वाटेल.

मामींना नमस्कार.

तुमची भाची


ता. ८ फेब्रुवारी, शनिवार

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. दुकानात फोन आहे पण जहाजावरच्या कॉम्प्रेसरने कान घालवले, तेव्हा फोन न करता लिहीतच जा, हे ध्यानात ठेवलं आहे. बॅटरीच्या खोलीतला वास “कोणीतरी लिंबू चोळलेली तलवार तोंडात धरायला दिल्यासारखा” हे तुमचं वाक्य साहेबांना फार आवडलं. कागद नसूनही त्यांनी ते ठेवलं. ट्रंकांचंही कळलं: मधल्या मजल्यावर जिन्याखाली, प्रत्येकीला पितळी बिल्ला, त्याचा जोडीदार बिल्ला माणसाच्या गळ्यात. सातवीच्या चौतीस ट्रंका बिल्ल्यांशिवाय कशा द्यायच्या, यावर तीन महिने पत्रव्यवहार चालला होता. तो मी वाचला आहे.

कार्डाच्या शेवटी तुम्ही विचारलंत, “ताई कशी आहे? तिचे गुडघे दुखायचे.”

मामा, आई गेली. गेल्या ऑगस्टमध्ये दोन वर्षं झाली. गुडघ्यांचं काही नव्हतं, पोटाचं होतं, उशिरा कळलं. अकरा आठवडे. तिला वेदना झाल्या, पण शेवटचे चार दिवस झाल्या नाहीत. तुम्हाला कळवायला हवं होतं. मी बाबांना तसं म्हटलं होतं. ते म्हणाले, “तिने स्वतः सतरा वर्षांत त्याला एक ओळ लिहिली नाही. आता आपण कोण?” मी वाद घातला नाही. मी कधीच घालत नाही. पण आई लिहायची. तिच्या शिवणयंत्राच्या खणात मला तुमच्या नावाने सुरू केलेली सहा पत्रं मिळाली. प्रत्येकात तारीख आणि ‘चिरंजीव भाऊस अनेक आशीर्वाद’ एवढंच. पुढे काही नाही. बाबांची बाजू घ्यावी तर भाऊ तुटतो, भावाची घ्यावी तर घर, असं तिला वाटत असावं. हे मी ‘वाटलं’ म्हणून लिहिते आहे.

पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही याची क्षमा मागत नाही. मागायचा हक्क नाही.

आता दुसरं.

सातवीची फाईल मी पूर्ण वाचली. तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण मला नीट कळलं आहे ना हे तुम्ही पाहावं. मंगळवार होता. सातवीच्या हवा आत घेणाऱ्या नळाचा व्हॉल्व्ह कार्यशाळेत आला होता. नियम असा, की त्यावर अर्धा तास दाब ठेवायचा आणि दाबमापकाचा काटा हलता कामा नये. मग कागदावर दोन सह्या: एक चाचणी करणाऱ्याची, एक पाहणाऱ्याची. ‘केले’ याखाली तुमची सही आहे. ‘पाहिले’ याखाली बाबांची, कारण ते कार्यशाळेचे प्रमुख. चाचणीची वेळ दोन ते अडीच. पाच वाजता सातवी निघाली. दुसऱ्या दिवशी बुडी मारली ती वर आली नाही.

चौकशीत तुम्ही सांगितलंत: काटा दोनदा पडला. मी चारनंतर दाजींना सांगितलं, व्हॉल्व्हला अजून एक दिवस हवा. ते म्हणाले, बोट थांबणार नाही, कर सही, मी करतो. बाबांनी सांगितलं: मी पूर्ण अर्धा तास समोर उभा होतो, काटा हलला नाही. मग समितीने ठरवलं, की चाचणीच्या वेळी व्हॉल्व्ह चांगला होता, त्यानंतर तुम्ही एकट्याने तो परत बसवलात, म्हणजे चूक बसवण्यात झाली. तुमची नोकरी गेली. आमच्याकडे तुमचं नाव निघेनासं झालं. मीही लहानपणी एकीला सांगितलं होतं, की माझ्या मामामुळे चौतीस माणसं बुडाली. सांगताना मला थोडी ऐटच वाटली होती. हेही लिहून टाकते.

काल, शुक्रवारी, सतराव्या गठ्ठ्यात मला शिडीवरची वही मिळाली. जहाजावरून कोण उतरलं, कोण चढलं, पहारेकरी लिहून घ्यायचा, ती. चौकशीत ती कोणी मागितलीच नव्हती. बाबा आणि तुम्ही दोघंही जहाजावर होतात हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तुम्हीसुद्धा, कारण तुम्ही खाली कार्यशाळेत होतात आणि ते समोर नाहीत म्हणजे वर असतील, असं समजलात.

त्या मंगळवारच्या पानावर बाबांचं नाव आहे. उतरले दहा वाजून वीस. चढले चार वाजून पाच. कारण: कामानिमित्त. पुढे त्यांची सही. मी ती हजारात ओळखीन.

दोन वाजता ते जहाजावर नव्हते, मामा. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

मी बोट ठेवून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. हेडक्लार्क म्हणाले, “काय गं, भूत पाहिलंस? इथे सगळी आपलीच आहेत, घाबरू नकोस.” मग मी आधीच्या आणि नंतरच्या पंधरा दिवसांची पानं तपासली, पहारेकऱ्याची वेळ बाकीच्या नोंदींशी जुळते का ते पाहायला. जुळते. तोवर साहेब घरी गेले होते. वही खोलीबाहेर न्यायला परवानगी नाही, म्हणून ती परत गठ्ठ्यात बांधली.

पुस्तकात दुरुस्तीसाठी सोमवार ही शेवटची तारीख. त्यानंतर ते छापायला जाईल आणि ज्यांवरून ते लिहिलं ते कागद लगद्याच्या कारखान्यात. इतकी जागाच नाही आमच्याकडे. सोमवारी सकाळी दहाला मी वही साहेबांपुढे ठेवीन. पान एकेचाळीसवर आज असं वाक्य आहे: ‘सातव्या पाणबुडीचा अपघात कार्यशाळेतील एका फिटरच्या हलगर्जीमुळे झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले.’ ते वाक्य जाईल. मी शब्द देते.

बाबांना उद्या सांगणार आहे. मागून नको, तोंडावर सांगेन. ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. घरात आम्ही दोघंच.

तुमची,
भाची


ता. १६ फेब्रुवारी, रविवार

मामा,

तुमचं कार्ड काल आलं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तुम्ही लिहिलंत, की ताईचं कळल्यावर दोन दिवस दुकान बंद ठेवलंत. लिहिलंत, की वहीचं मामींना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एकोणीस वर्षं मी हेच सांगतेय, पण माझं ऐकायला तुमचे कान कुठे होते!” लिहिलंत, की मामींनी पेटीतून कोट काढून उन्हात टाकलाय. आणि गुरुवारी तुम्ही मुलाला घेऊन येताय. “त्याने मला आजवर एकदाही विचारलं नाही. लोकांनी त्याला पुष्कळ विचारलं असणार. ते पान मला त्याच्या हातात द्यायचं आहे.”

मामा, पान एकेचाळीस बदललेलं नाही.

आता सगळं क्रमाने सांगते. क्रम सोडला तर मी काहीतरी गाळीन.

रविवारी सकाळी बाबा पातेल्याचा ढिला झालेला कान बसवत होते. मी म्हटलं, “बाबा, शिडीवरची वही सापडली. त्या वर्षाची.”

“ती अजून आहे?”

“आहे.”

“अक्षर कोणाचं?”

“पहारेकऱ्याचं. सही तुमची आहे.”

त्यांनी स्क्रू पूर्ण आवळला. मग विचारलं, “किती वाजताची?”

“उतरताना दहा वीस. चढताना चार पाच.”

“चार सहा. शिडीवरचं घड्याळ एक मिनिट मागे होतं.”

एवढंच. ओरडले नाहीत, नाकारलं नाही. पातेलं पाणी भरून पाहिलं, गळत नव्हतं. मग म्हणाले, “साहेबांना कधी सांगणार?” मी म्हटलं उद्या. “बरोबर आहे. मी तुला तसंच शिकवलंय.” मग माझ्याकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, “तुला शाळेत घातलं असतं तर बरं झालं असतं.”

इथे मागच्या पत्रात मी गाळलेली एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी ते कुठे गेले होते हे वहीत नाही, पण मला ठाऊक आहे. वार पाहिल्या क्षणी कळलं होतं. दर मंगळवारी बाबा दुपारी घरी येत आणि मला शिकवत. आई म्हणायची, जहाजाने त्यांना सवलत दिली आहे. तशी सवलत कोणत्याच कागदात नाही. ते चोरून येत होते. सातवीचा व्हॉल्व्ह दाबाखाली होता आणि तुम्ही एकटे त्या काट्याकडे पाहत होतात, तेव्हा ते माझ्यासमोर बसून मला भागाकार शिकवत होते.

सोमवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर बाबा माळ्याखाली पडलेले. स्टूल आडवं. खुब्याचं हाड मोडलं होतं. हातात माझ्या जुन्या वह्यांचा गठ्ठा होता, घरी शिकायचे त्या वेळच्या. मला द्यायला काढत होते की फाडायला, मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

दहा वाजता मी ऑफिसात नव्हते, इस्पितळाच्या बाकावर होते. फोन करून रजा कळवली. ‘सतरावा गठ्ठा बाजूला ठेवा’ एवढं सांगायचं सुचलं नाही. दुपारी चारला हेडक्लार्क स्वतः आले. येताना बाबांसाठी बिस्किटं आणली होती. मग पिशवीतून यादी काढली, लगद्याला जाणाऱ्या एकेचाळीस गठ्ठ्यांची. त्यावरही दोन सह्या लागतात. त्यांची झाली होती. दुसरी ‘प्रत्यक्ष पाहून खात्री केली’ याखाली.

“अगं बाई, ट्रक दारात उभा आहे. ड्रायव्हर मला शिव्या घालतोय, आणि त्याही निवडक. एवढी सही कर. तुला काय पाहायचंय त्यात? तुझ्याइतकं त्या कागदांना जन्म देणाऱ्यांनीही पाहिलं नसेल.”

मी म्हटलं, “साहेबांना काही दाखवायचं होतं.”

“साहेब दुपारी दौऱ्यावर गेले. परवा येतील. काय होतं?”

बाबा तिथेच खाटेवर होते. डोळे मिटलेले, पण झोपलेले नव्हते. मी म्हटलं, “काही नाही.” आणि यादी न पाहता सही केली. डावा हात बाबांच्या हातात होता, उजव्याने सही केली. चार वीसला ट्रक गेला असेल. ती वही आता नाही.

बुधवारी साहेब आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, “वही कुठे आहे?” मी सांगितलं. त्यांनी यादी मागवली, माझ्या सहीवर बोट ठेवलं. “हे तुम्ही पाहून सही केलीत ना? मग यात महत्त्वाचं काही नव्हतं असं तुम्हीच प्रमाणित केलंय.” मी माझी भागाकाराची वही पुढे केली, त्या मंगळवारच्या तारखेची. त्यांनी पानं उलटली. तारीख माझ्याच अक्षरात. बाबांची सही कुठेच नाही, नुसत्या बरोबरच्या लाल खुणा. “बाई,” ते म्हणाले, “हे लहान मुलीचं गणित आहे.” मग म्हणाले, “तुमचे वडील लिहून देतील का?”

मी बाबांना विचारलं. कागद, पेन, पाठीमागे धरायला पुठ्ठा, सगळं नेलं होतं. ते छताकडे पाहत म्हणाले, “तुझ्याकडे कागद आहे का?” मी म्हटलं, नाही. “मग लिहिणाऱ्याने काय लिहायचं नाही?” लहानपणी हा प्रश्न ते दर धड्याला विचारायचे आणि मी उत्तर द्यायचे. या वेळी दिलं नाही. ते वाट पाहत राहिले.

पुस्तक त्याच दुपारी छापायला गेलं.

इथपर्यंतचं मी आज सकाळी लिहिलं आणि पाकीट बंद केलं. आता रात्री उघडलं. वर एक वाक्य खोटं आहे. खोडत नाही, ते तसंच राहू दे, म्हणजे तुम्हाला दिसेल.

मी यादी न पाहता सही केली नाही. पाहिली. सतरावी ओळ पाहिली: ‘शिडीवरच्या वह्या, नग नऊ.’ बोट त्या ओळीवर थांबलंसुद्धा. हेडक्लार्क बिस्किटांचा पुडा फोडत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. बाबांचं होतं. त्यांनी हात दाबला नाही. दाबला असता तर तसं लिहिलं असतं. त्यांनी काहीच केलं नाही. आणि माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, की आता हे आपण न करता होईल. गडबड होती, वडील खाटेवर होते, घाईत सही होऊन गेली एवढंच. कोणीही समजून घेईल. तुम्हीसुद्धा समजून घ्याल. हा हिशेबही मी तेव्हाच केला, मामा, तुम्ही मला क्षमा कराल हा.

मग सही केली. नीट, वळणदार.

बाबांनी न पाहता ‘पाहिले’ लिहिलं. चौतीस माणसं बुडतील हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी पाहून सही केली आणि काय बुडतंय ते मला ठाऊक होतं. त्यांना दोष द्यायला मी आता कोणत्या तोंडाने उभी राहू?

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, “सतरावा गठ्ठा गेला.” त्यांनी दिवसभर पाण्याचा घोट घेतला नव्हता. ताट आलं तेव्हा सगळं जेवले, आणि आणखी एक पोळी मागितली.

मी त्यांना सोडून जाऊ शकत नाही. त्यांना उठवून बसवायला दोन माणसं लागतात, एक परिचारिका आणि एक मी. रोज त्यांचं तोंड पुसते. ते म्हणतात, “हळू गं.” मी हळू पुसते. मला त्यांचा राग येत नाही, आणि न येणं हीच मला सगळ्यात मोठी शिक्षा वाटते.

तुम्हाला तार करून ‘येऊ नका’ एवढं कळवता आलं असतं. कालपासून दोनदा तारघराच्या दारापर्यंत जाऊन आले. पण तुम्ही न येण्यात माझी सोय आहे, तुमची नाही, म्हणून पाठवली नाही.

पत्राला दोन-तीन दिवस लागतात. तुम्ही बुधवारी दुपारी निघणार. उद्या सकाळच्या टपालात टाकलं तर बुधवारी सकाळी मिळेल किंवा मिळणार नाही. म्हणून मी याच्या दोन प्रती केल्या आहेत, शब्दाला शब्द जुळवून. एक टपालात. घरी मिळाली तर तुम्ही घरीच वाचाल, आणि मग न येणं तुम्हाला जमेल. कोट परत पेटीत ठेवताना मामी काय म्हणतील ते मला ऐकायला मिळणार नाही, एवढाच माझा फायदा.

दुसरी प्रत गुरुवारी माझ्या हातात असेल. गोदीच्या फाटकाशी, डाव्या बाजूला, पहारेकऱ्याच्या खोलीजवळ मी साडेआठपासून उभी राहीन. आत निशाण उतरवायचं असतं त्याआधी जुन्या माणसांना पुस्तक वाटतील. तुम्हाला आत जाऊ देण्याआधी, पान एकेचाळीस कोणी तुमच्या मुलाच्या हातात देण्याआधी, मी हे पत्र तुम्हाला देईन. बोलणार नाही. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून नव्हे. मला बोलता येणार नाही म्हणून.

तेव्हा हे तुम्ही फाटकाशी वाचत असाल, तर मी तुमच्यासमोर आहे, चार पावलांवर. अजून वर पाहू नका. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला काय झालं ते आधी सांगा, किंवा त्याच्या हातात हा कागद द्या. पुस्तकातलं नाही, तर निदान हे पान त्याच्याकडे राहील. त्यानंतर मला काय म्हणायचं ते म्हणा. काहीच म्हणायचं नसेल तर तसेच मागे फिरा, मी हाक मारणार नाही.

तुमच्यासमोर उभी असलेली,
ताईची मुलगी